साडेअकराचा प्रश्न

माळ्यावर खिडकीपाशी माझं टेबल आहे. जून २०२३ पासून सव्वा वर्ष त्यावर दोन लॅपटॉप असायचे, शेवटी शेवटी तीन. एकाच्या झाकणावर मी लाल चिकटपट्टी लावली होती. लाल म्हणजे बंगळूर, बिनपट्टीचा म्हणजे पुणे. दोन्ही कंपन्यांत मी पूर्ण वेळ नोकरीला होते, दोन्हींचा पगार महिनाअखेरीला जमा व्हायचा आणि दोन्हींना एकमेकींचा पत्ता नव्हता. हे आजवर मी चौघांना सांगितलंय: आई, बाबा, दापोलीचे एक सीए आणि एक मुलगा. त्या मुलाबद्दलच लिहायचंय, पण त्याच्यापर्यंत यायला थोडा वेळ लागेल.

कंपन्यांची नावं लिहिणार नाही, गावाचंही नाही. दापोली तालुका, हर्णैच्या उत्तरेला, केळशीच्या अलीकडे. रात्री पंखा बंद केला की समुद्राची गाज ऐकू येते, इतकं जवळ.

मी टेस्टर आहे. सॉफ्टवेअर लोकांच्या हातात जाण्याआधी ते कुठे चुकतं ते शोधायचं, आणि तीच तीच तपासणी रोज आपोआप व्हावी म्हणून प्रोग्रॅम लिहून ठेवायचे. पुण्यात सहा वर्षं नोकरी केली. मार्च २०२० मध्ये पंधरा दिवसांचे कपडे घेऊन घरी आले ती इथलीच झाले. ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं. दुपारी दोन-तीन तास आम्ही तिघं माजघरात बसून होतो. बाहेर आलो तर वाडीतून थेट पलीकडचा रस्ता दिसत होता. आमच्या वाडीतून रस्ता दिसतो हे मला जन्मात माहीत नव्हतं. १४० पोफळी होत्या, ११ उभ्या राहिल्या. २३ माडांपैकी ९ गेले. कौलं उडाली, ती परत चढवायला माणसं मिळेनात आणि कौलंही मिळेनात, म्हणून बाबांनी चढ्या भावाने पत्रे आणून टाकले. २४ दिवस लाईट नव्हती. मी खेडला आत्याकडे जाऊन राहिले आणि तिथून काम केलं.

सरकारी मदत आधी जाहीर झाली ती हेक्टरी ५० हजार. एका हेक्टरात जवळजवळ शंभर गुंठे बसतात आणि आमची वाडी वीस गुंठ्यांची. म्हणजे दहा हजार. पोफळ लावली की सुपारी धरायला पाच-सहा वर्षं जातात. तोवर घर कशावर चालायचं, याचं उत्तर कुठल्याच फॉर्मवर नव्हतं. बाबांनी पतपेढीतून सहा लाख काढले. जानेवारी २०२३ मध्ये त्यांची बायपास झाली, मुंबईला. कंपनीचा विमा फक्त माझ्यापुरता होता, तेव्हा आणखी पाच लाख.

एका पगारात हे फिटलं नसतं असं मुळीच नाही. हातात लाखभर येत होते, चार वर्षांत निघालं असतं. पण पतपेढीचं पत्र आलं की बाबा ते न उघडता गादीखाली सारतात हे मी एकदा बघितलं होतं. बायपास झालेला माणूस त्या गादीवर झोपत होता. मला चार वर्षं थांबायचं नव्हतं.

दुसरी नोकरी मी काही अजाणतेपणी धरली नाही. २०२२ मध्ये या विषयावरून किती रान उठलं होतं ते या क्षेत्रातल्या सगळ्यांना आठवत असेल. ऑगस्टमध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी याला सरळसरळ फसवणूक म्हटलं आणि सप्टेंबरमध्ये प्रतिस्पर्धी कंपन्यांचं काम करताना सापडलेल्या ३०० जणांना काढल्याचं सांगितलं. त्याच महिन्यात तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांनी उलट बाजू मांडली: कर्मचाऱ्यांना असं बांधून ठेवण्याचे कंपन्यांचे प्रयत्न टिकणार नाहीत. मी दोन्ही बातम्या वाचल्या होत्या. त्यातली सोयीची तेवढी मनात ठेवली.

आणि एक पक्कं कारण माझ्या डोळ्यासमोर होतं, आमचं गाव. इथे एका धंद्यावर कुणाचंच घर चालत नाही. शेजारचे काका सकाळी वडापची गाडी काढतात, दुपारी त्यांच्या दोन खोल्यांत पर्यटक येतात, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरतात आणि काकू वर्षभर कोकम, आगळ, फणसपोळी विकतात. शाळेतले शिपाई भात लावतात. आमच्याकडे नारळ पाडायला येतो तो माणूस मासेमारी सुरू असली की हर्णैच्या बोटीवर असतो. पाच ठिकाणी हात असलेल्या माणसाला आमच्याकडे कष्टाळू म्हणतात, फसवा कुणी म्हणत नाही. मग मी दोन ठिकाणी काम केलं तर बिघडलं काय? हा प्रश्न मी स्वतःला बरेच महिने उत्तरासारखा सांगत राहिले.

बंगळूरची कंपनी लहान होती, चाळीसेक माणसं. पुण्याची नोकरी सोडली असं मी त्यांना सांगितलं. तीन पगारपत्रकं मागितली, दिली. रिलिव्हिंग लेटर, म्हणजे जुन्या नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र, 'आलं की देते' म्हटलं. त्यांनी दोनदा आठवण केली आणि मग कामाच्या रगाड्यात विसरले. वर्षाला १८ लाख. पुण्याचे १४.

काम जमायचं कसं, हे कुणालाही वाटेल. आमच्या कामाची गंमत अशी की तपासणीचा एक पूर्ण फेरा सुरू केला की तो आपला आपण चाळीस-पन्नास मिनिटं चालतो. एरवी त्या वेळात माणूस चहा पितो. मी दुसरा लॅपटॉप ओढायचे. पुण्याचा फेरा चालू असताना बंगळूरचा कोड लिहायचा, बंगळूरचा फेरा चालू असताना पुण्याचे निकाल तपासायचे. मनापासून काम केलं तर एका नोकरीत साडेचार तासांच्या वर खरं काम नसतं, हे मी आजही ठामपणे म्हणेन. दोन्हीकडच्या कामात मी कधी मागे पडले नाही. मार्च २०२४ मध्ये पुण्याला मला 'अपेक्षेपेक्षा उत्तम' शेरा मिळाला.

फायबर होतं, ते तुटलं तर दुसऱ्या कंपनीचं मोबाईल नेट होतं, दोन बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर होता. जुलैत पत्र्यावर पाऊस उतरला की त्याच्यापुढे माणसाचा आवाज लागत नाही. दोन्ही कंपन्यांना मी 'फार पाऊस आहे, चॅटवर लिहिते' असं एकाच वेळी लिहिलेलं आहे, आणि ते दोन्हीकडे खरं होतं. एकदा बंगळूरच्या एका चुकीचं वर्णन मी पुण्याच्या ग्रुपमध्ये चिकटवलं. चार सेकंदांत पुसलं. त्या चार सेकंदांनंतर संध्याकाळपर्यंत माझे हात गार होते. लाल चिकटपट्टी त्या दिवशी लावली.

भीतीचं सांगायचं तर सगळ्यात मोठी भीती माणसांची नव्हती, पीएफची होती. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, माणशी एकच असतो, नोकऱ्या कितीही बदला. बंगळूरच्या कंपनीनेही पीएफ कापायला सुरुवात केली आणि त्या एका नंबराखाली दोन मेंबर आयडी, म्हणजे दोन कंपन्यांची दोन खाती, शेजारी शेजारी उभे राहिले. जून २०२३ पासून प्रत्येक महिन्याला इकडेही रक्कम जमा, तिकडेही जमा. पुढच्या नोकरीच्या वेळी कुणी ही सर्व्हिस हिस्ट्री मागवली तर एका नजरेत कळेल. रात्री झोप लागली नाही की मी फोनवर ते पासबुक उघडून बघायचे. ती नोंद आजही तिथे आहे आणि राहील.

आता तो मुलगा.

डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या कंपनीत तो लागला. लातूरकडचा, पहिलीच नोकरी, वर्षाला साडेतीन लाख, सहा महिने प्रोबेशन. मॅनेजरने त्याला माझ्या हाताखाली दिलं आणि आमच्या कॅलेंडरवर रोज साडेअकरा ते बारा अशी वेळ टाकली: शंका विचारायची वेळ. बंगळूरची रोजची मीटिंग साडेअकरालाच असायची, पंधरा मिनिटं म्हणून सुरू व्हायची आणि पाऊण तास चालायची. मी मॅनेजरला वेळ बदलून मागू शकत होते. मागितली नाही, कारण का बदलायची याचं कारण द्यावं लागलं असतं, आणि मी तोवर इतकी कारणं दिली होती की कुठलं कुठे दिलं याची वही ठेवली होती.

तो शहाणा मुलगा होता. मीटिंगच्या लिंकवर मी आले नाही की पाच मिनिटं थांबायचा आणि मग चॅटवर लिहायचा, 'ताई, फ्री आहात का?' माझ्या डाव्या कानात बंगळूर चालू असायचं. मी उजव्या हाताने लिहायचे, 'थोड्या वेळात.' तो लिहायचा, 'हो ताई.' बारा वाजून जायचे. जेवणानंतर मला आठवलं तर मी बघायचे. बहुतेक दिवशी आठवायचं नाही, कारण त्याच्या शंकेवर माझं काहीच अडलेलं नसायचं. अडायचं त्याचं.

फेब्रुवारीपर्यंत तो रोज विचारायचा. मार्चमध्ये एक दिवसाआड. मे महिन्यात आठवड्यातून एकदा. मला वाटलं, शिकला.

मधे शिमगा आला. मुंबई-पुण्याचे चाकरमानी महिनाभर आधी रजा टाकून, रात्रभर गाडीत उभे राहून आले होते. होळीनंतरच्या गुरुवारी पालखी आमच्या घरी आली. पालखी काही घड्याळ बघून येत नाही. ढोल पाणंदीत वाजायला लागले तेव्हा सव्वाअकरा झाले होते, अंगणात आली तेव्हा साडेअकरा. रजा घ्यायची तर मला दोन ठिकाणी दोन कारणं द्यावी लागायची, म्हणून त्या दिवशी मी ती घेतली नव्हती. आईने देवीची ओटी भरायचं ताट हातात धरून जिन्यातून हाक मारली. पुन्हा मारली. तिसरी हाक मारली नाही. मी माळ्याच्या खिडकीतून बघत होते: बाबांनी खांदा दिला नाही, छातीवरच्या टाक्यांमुळे त्यांना मनाई होती, ते नुसता पालखीला हात लावून उभे होते आणि पोरं पालखी नाचवत होती. ढोल बंगळूरला ऐकू जाऊ नयेत म्हणून माझा आवाज बंद होता. कुणीतरी मला काहीतरी विचारलं, मी आवाज न उघडता चॅटवर उत्तर दिलं. खाली आले तेव्हा अंगणात गुलाल होता आणि पालखी शेजाऱ्यांच्या खळ्यात होती. आई काही बोलली नाही. ताट देव्हाऱ्यासमोर रिकामं ठेवलेलं होतं. घरी राहता यावं म्हणून मी हे सगळं करते आहे असं मी तिला सांगितलेलं होतं.

मे महिन्यात मी तिसरं काम घेतलं. अमेरिकेतली एक छोटी कंपनी, संध्याकाळी साडेसातनंतर, करारावर आठवड्याला चाळीस तास. इथे मी कर्जाचं नाव पुढे करणार नाही. कर्ज तेव्हा जवळजवळ संपत आलं होतं. जमतंय म्हणून घेतलं. तीन आकडे एका महिन्यात खात्यावर दिसले की माणसाला एक नशा चढते, ती मला चढली होती.

जूनमध्ये त्या मुलाचं प्रोबेशन संपत आलं. एचआरने मला एक फॉर्म पाठवला, पाच रकाने. दोन मीटिंगांच्या मधे मी तो भरला. शेवटच्या रकान्यात 'सुधारणेची गरज कुठे' असं होतं. मी लिहिलं: प्रश्न विचारण्यात कमी पडतो, स्वतःहून पुढाकार घेत नाही. चारेक मिनिटं लागली असतील.

त्याला कायम केलं नाही. जाताना त्याने मला लिहिलं, 'ताई, खूप शिकायला मिळालं, धन्यवाद.' मी अंगठा पाठवला.

जुलैत रिटर्न भरायला दापोलीला गेले. सीएंचं ऑफिस लहान आहे, टेबलाच्या काचेखाली जुन्या देवस्थानांचे फोटो. मी दोन फॉर्म १६, म्हणजे पगार आणि कापलेला कर दाखवणारी दोन्ही कंपन्यांची पत्रकं, पुढे ठेवले. त्यांनी पहिला बघितला, दुसरा बघितला, मग दोन्ही शेजारी ठेवून तारखांवर बोट ठेवलं. 'हे एप्रिल ते मार्च, हे जून ते मार्च.' मी हो म्हटलं. त्यांनी मान वर केली नाही, कॅल्क्युलेटर ओढला. दोन्ही कंपन्यांनी मला आपापल्यापुरतं धरलं होतं: दोघींनी पहिले तीन लाख करमुक्त धरले, दोघींनी ५० हजारांची प्रमाणित वजावट दिली, दोघींनी मला खालच्या दरांच्या पायऱ्या चढवल्या. सरकारच्या लेखी मी मात्र एकच माणूस. १४ लाख आणि दहा महिन्यांचे १५ लाख एकत्र केले की वरचा सगळा पैसा तीस टक्क्यांत जातो. कापलेला कर वजा जाता ३ लाख ६ हजार ८०० रुपये भरायचे निघाले, व्याज वेगळं. त्यांनी आकडा कागदावर लिहून माझ्याकडे फिरवला आणि म्हणाले, 'कर भरलात की माझ्या बाजूने विषय संपला. बाबा कसे आहेत?' मला तिथे रडू आलं असतं. इतक्या महिन्यांत कुणाला तरी पहिल्यांदा खरं माहीत झालं होतं.

परत येताना एसटीत मी फोनवर कायदा वाचत होते. १९४८ च्या कारखाना कायद्याचं ६० वं कलम तेव्हा सांगत होतं की एका कारखान्यात काम केलेल्या माणसाला त्याच दिवशी दुसऱ्या कारखान्यात कामाला लावायचं नाही. ते मला लागू नव्हतं, माझं काम कारखान्यातलं नाही. पण ते वाचताना मला त्यात मालकाच्या हक्कापेक्षा मजुराच्या अंगाची काळजी दिसली. माणसाला दिवस एकच असतो, हे धरून कुणीतरी ते लिहिलंय.

ऑगस्टमध्ये पतपेढीचं कर्ज फिटलं. बाबांनी 'नील' झाल्याचा दाखला गादीखाली न ठेवता देव्हाऱ्यात ठेवला. त्याच आठवड्यात पुण्याच्या आमच्या ॲपमध्ये तक्रार आली. ते ॲप डॉक्टरांच्या वेळा घ्यायचं आहे. एका बाईंनी रात्री एक वाजता आपल्या मुलासाठी त्याच दिवसाची वेळ घेतली आणि ती नोंद आदल्या दिवशीची झाली. सकाळी दवाखान्यात गेल्या तर यादीत मुलाचं नाव नाही. तपासायचं काम माझ्याकडे आलं. कारण साधं होतं. सर्व्हरचं घड्याळ जागतिक वेळेवर, आपण साडेपाच तास पुढे. म्हणून आपल्याकडे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात सर्व्हरच्या लेखी अजून कालचाच दिवस असतो, आणि एका ठिकाणी तारीख त्याच्या घड्याळातून उचलली होती. ही चूक आधी कुणाच्या लक्षात आली होती का हे बघायला मी जुन्या चॅटमध्ये 'बुकिंग' हा शब्द शोधला.

पहिलंच उत्तर त्याचं आलं. २६ फेब्रुवारी २०२४, अकरा वाजून चौतीस मिनिटं. 'ताई, फ्री आहात का? रात्री १२ ते ५.३० मध्ये केलेलं बुकिंग आदल्या दिवशीचं दिसतंय. हे असंच अपेक्षित आहे की माझं काही चुकतंय?'

खाली माझं: 'थोड्या वेळात.'

खाली त्याचं: 'हो ताई.'

मी वर वर जात राहिले. सहा महिन्यांत 'थोड्या वेळात' मी त्याला ६३ वेळा लिहिलं होतं. मोजले, दोनदा. त्यातल्या ११ प्रश्नांना नंतर कधीतरी उत्तर दिलं होतं. आणि जूनच्या फॉर्मवर मी लिहिलं होतं, प्रश्न विचारण्यात कमी पडतो.

पाऊस नव्हता त्या दिवशी. खाली बाबा वाडीत फिरत होते, नवीन पोफळींच्या आळ्यांतलं गवत काढत. मी खूप वेळ टेबलाशी बसून होते आणि माझ्या डोक्यात तो नारळ पाडणारा माणूस येत होता, ज्याच्या नावावर मी इतके महिने स्वतःला सोडवत आले होते. तो पाच धंदे करतो, खरं आहे. 'उद्या येतो' म्हणून चार दिवस येत नाही, हेही खरं आहे. पण न आलेल्या दिवसाचे पैसे त्याने कधी मागितले नाहीत. तो माडामागे पैसे घेतो. आठ माड पाडले, आठांचे. आमच्या वाडीत माडावर असताना तो दुसऱ्या कुणाच्या माडावर नसतो, आणि तो कुठे होता हे अख्ख्या गावाला माहीत असतं. मी तास विकले होते. साडेअकरा ते बारा हा अर्धा तास एका कंपनीने त्या मुलासाठी माझ्याकडून घेतलेला होता, आणि तोच मी दुसरीकडे विकला. कंपन्यांना त्यात काही तोटा झाला का? मला नाही वाटत. दोघींनाही त्यांचं काम मिळालं. ज्याला मिळालं नाही तो साडेतीन लाखांवरचा होता.

कंपन्यांबद्दलचं माझं मत मी लपवणार नाही. साडेचार तासांचं काम द्यायचं, नऊ तास चॅटवर 'हजर'चा हिरवा दिवा लावून बसवायचं आणि आई-वडिलांना विम्यात घ्यायचं नाही, ही पद्धत मला तेव्हाही पटत नव्हती, आताही नाही. काम मोजून पैसे देणार असतील तर तसा करार करावा. तसा असता तर मी दोन्ही कामं उघडपणे केली असती आणि चिकटपट्टी लागली नसती. पण शिकाऊ माणसाला शिकवणं हे असं कामच नाही की जे फेरा सुरू करून सोडता येतं. तिथे माणूस लागतो, त्या वेळेला लागतो.

सप्टेंबरमध्ये बंगळूर सोडलं, ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचं. पुण्याच्या मॅनेजरला लिहिलं की तारखेची चूक त्या मुलाने फेब्रुवारीत शोधली होती, मी दुर्लक्ष केलं, आणि माझा फॉर्म चुकीचा होता. दोन नोकऱ्यांचं लिहिलं नाही. तेवढं धैर्य नव्हतं, ते आज इथे नाव न घालता करते आहे. मॅनेजरचं उत्तर आलं: आता याचा उपयोग नाही, तरी नोंद घेतली.

आई-बाबांना जेवताना सांगितलं. त्यांना वाटत होतं माझी रात्रपाळीपण असते. आई म्हणाली, 'म्हणून का गं तू त्या दिवशी खाली आली नाहीस.' तेवढंच. बाबा ताटावरून उठून पंप लावायला गेले. मला वाटलं रागावले. दुसऱ्या दिवशी पोळी मोडता मोडता त्यांनी विचारलं, 'त्या मुलाच्या घरी कोण कोण असतं?'

मला माहीत नव्हतं. सहा महिने रोज तो मला ताई म्हणत होता.

त्याचा नंबर माझ्याकडे होता. काय लिहायचं यात तीन आठवडे गेले. शेवटी सगळं लिहिलं: दुसरी कंपनी, तिची साडेअकराची मीटिंग, तो फॉर्म, त्यातलं वाक्य जसंच्या तसं. माफी मागितली. नऊ दिवसांनी उत्तर आलं. तो पुण्यातच दुसरीकडे लागला होता, मधे पाच महिने घरी होता. लिहिलं होतं, 'ताई, तुम्ही उत्तर द्यायच्या नाहीत तेव्हा मला वाटायचं माझे प्रश्नच फालतू असतील. म्हणून मग विचारणं कमी केलं.'

मी ते ६३ प्रश्न काढून पुन्हा वाचले. बावीसेक तर अगदी पहिल्या महिन्यातले होते, कुणीही विचारेल असे, प्रत्येकाला दोन मिनिटं पुरली असती. दोन असे होते की त्यांचं उत्तर मला आजही नीट सांगता येणार नाही. त्याला दुसरं काही लिहिण्यासारखं माझ्याकडे उरलं नव्हतं. एवढंच लिहिलं, की २६ फेब्रुवारीचा तुझा प्रश्न बरोबर होता, तुझं काही चुकत नव्हतं, तारीख सर्व्हरच्या घड्याळातून येत होती.

त्याने लगेच विचारलं, 'मग फिक्स कुठे केलं, सर्व्हरवर की ॲपमध्ये?'

अकरा वाजून गेले होते रात्रीचे. मी त्याला फोन लावला.